भाऊबीज ते छठ : काशीतला कार्तिक

द्वितीया

पाडवा आगगाडीत गेला. महानगरी एक्सप्रेस मुंबईहून मध्यरात्री सुटते, दिवसभर इटारसी, जबलपूर, सतना करत जाते आणि पुढच्या रात्री अंधार असतानाच काशीला उतरवते. आत्याने इटारसीला फराळाचा डबा उघडला तो सतना येईपर्यंत मिटला नाही. समोरच्या बाकावर भिवंडीच्या मागावर काम करणारे तिघे होते, छठसाठी, म्हणजे कार्तिक षष्ठीच्या सूर्यपूजेसाठी, गावी निघालेले. त्यांना चकली फार आवडली. "काशीस जावे, नित्य वदावे" हे आत्याचं पाठच होतं, या वर्षी म्हणाली, "वदून वदून तोंड दुखलं रे, आता जाऊनच येऊ."

आम्ही वाईचे. कृष्णेकाठचे घाट, रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, पलीकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, यातच वाढलेलो. आमच्या गावाला लोक दक्षिण काशी म्हणतात. आता उत्तरेतली, म्हणजे मूळची, काशी बघायची होती.

रिक्षा मैदागिनपर्यंतच येते. तिथून पाठीवर सामान आणि गल्ल्या. आमचा मुक्काम ब्रह्मा घाटावर एका मराठी गुरुजींकडे होता. यांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून आले ते इथलेच झाले. घरात बोलतात मराठी, पण वळण बनारसी : "आत्याबाई, यंदा गंगाजी खूप चढली होती, खालच्या खोलीपर्यंत आली होती, आता उतरून गेली." भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ अजून दिसत होती. सकाळच्या चहाबरोबर पोहे आले. त्यांत मोहरी होती, कढीपत्ता नव्हता, आणि वर शेवेऐवजी बनारसी दालमोठ.

पोहे खाऊन बाहेर पडतो तर गल्लीच्या तोंडाशी बायकांचा घोळका. जमिनीवर शेणाच्या आकृत्या काढलेल्या, त्या यम आणि यमीच्या, आणि चार बायका मुसळाने त्या कांडत होत्या. याला इथे गोधन कुटणं म्हणतात. आधी भावाला मनसोक्त शिव्याशाप द्यायचे, मग रिंगणीचा काटा स्वतःच्याच जिभेला टोचून ते शब्द मागे घ्यायचे आणि त्याला दीर्घायुष्य मागायचं. आपण ओवाळून ताट पुढे करतो. इथे आधी बहीण भावाला मारून टाकते आणि मग यमाकडून सोडवून आणते. आत्या खूश. "हे बरं आहे. वर्षभराचं साठलेलं निघून जातं."

दुपारी घाटावर उतरलो. पावसाळ्यात गंगा घाट गिळते आणि ओसरताना पायऱ्यांवर पुरुषभर गाळ ठेवून जाते. देवदिवाळीच्या (इथे ती कार्तिक पौर्णिमेला असते) आत तो काढायचा म्हणून सगळीकडे पंप लागलेले. गंगेचंच पाणी उपसून, जाड नळ्यांतून त्याचा फवारा गाळावर मारतात. वरून एक जण नळी धरतो, खाली दोघे फावड्याने गाळ नदीत लोटतात. पिवळट-राखाडी चिखलातून एकेक पायरी वर येते. तिची कड आधी दिसते, मग माथा, मग सांध्यातलं लोखंड. हे काम बघायला मी अर्धा तास उभा राहिलो आणि त्या अर्ध्या तासात मला घाट जेवढा कळला तेवढा कुठल्या माहितीफलकावरून कळला नसता. हा चुनारचा वालुकाश्म. आमच्या काळ्या बसाल्टासारखा हट्टी नाही, फिकट आणि मऊ, पण बांधणीची रीत ओळखीची : बाहेर आलेले अष्टकोनी बुरूज, त्यांच्यामधून उतरणाऱ्या पायऱ्या, वर वाड्याची सपाट भिंत.

संध्याकाळी आत्याला चंद्र हवा होता. माझे वडील जाऊन काही वर्षं झाली. भाऊ नसला की भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. ती निरांजन घेऊन घाटावर गेली आणि अडचण लक्षात आली. काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत, आणि द्वितीयेची कोर मावळतीला, म्हणजे पाठीमागे, चार-चार मजली घरांच्या आड. गुरुजींच्या सुनेने आम्हाला गच्चीवर नेलं. माकडांसाठी लावलेल्या जाळीतून नखाएवढी कोर दिसत होती. आत्याने जाळीच्या आतूनच ओवाळलं, सुनेनेही ओवाळून घेतलं, आणि मग दोघी जणी बेसनाच्या लाडवात पाक किती असावा यावर बोलत खाली गेल्या.

रात्री पंचगंगा घाटावर आकाशदीप पाहिले. उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या टोपल्या, टोपलीत दिवा, खाली दोरी. दोरी ओढून टोपली उतरवतात, तेल-वात घालतात, पुन्हा वर चढवतात. पितरांना वाट दिसावी म्हणून हे दिवे महिनाभर लागतात. आपला कार्तिक पाडव्याला सुरू होतो, इथे मात्र महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासूनच यांचा कार्तिक लागलेला. आम्ही पोचलो तेव्हा अर्धा महिना झाला होता.

तृतीया

पहाटे पंचगंगेवर स्नान. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा इथे संगम मानतात, दिसते एकच. कार्तिक स्नानाला हाच घाट मुख्य, म्हणून काशीतल्या म्हाताऱ्या बायका अंधारात इथे येतात. आत्या त्यांच्यात मिसळून गेली; भाषा येत नसतानाही तिला कुणी तरी साडी सुकवायला दोरी दिली, कुणी तरी कपाळाला गंध लावलं.

घाटाच्या माथ्यावर आलमगीर मशीद आहे. इथे बिंदुमाधवाचं मोठं मंदिर होतं, ते औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं. मशिदीचे उंच मिनार एके काळी काशीची खूण होते. टांकसाळीचा अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने ते चितारलेत. एक मिनार १९४८ मध्ये कोसळला, दुसरा पुढे धोकादायक म्हणून उतरवला. बोलीत मात्र लोक अजून 'माधोराय का धरहरा', म्हणजे माधवाचा मिनार, म्हणतात, आणि मशिदीच्या नावात माधव टिकून राहतो. आजचा बिंदुमाधव शेजारच्या घरवजा देवळात आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. औंध म्हणजे आमच्याच साताऱ्याचं. आत्याने गाभाऱ्यात त्या पुजाऱ्याला हे अभिमानाने सांगितलं. त्याने मान डोलावली आणि तुळस दिली.

इथून दशाश्वमेधापर्यंत पायी, प्रवाहाच्या उलट. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, म्हणून दक्षिणेकडे चालणं म्हणजे वर चढणं. हा पट्टा मराठी माणसाने चालावाच, होडीतून बघू नये. ब्रह्मा आणि दुर्गा घाट बांधले पेशव्यांचे गुरू कायगावकर नारायण दीक्षित पाटणकर यांनी. पंचगंगेवरचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंचा. त्यावर हजार दिवे लागतात म्हणून 'हजारा'. पुढे बालाजी घाट. मग ग्वाल्हेरच्या दिवाणाचा जटार घाट. मग गणेश घाट, इथे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांचा अमृतविनायक. मग नागपूरकरांचा भोसले घाट, भिंती इतक्या जाड की किल्लाच वाटावा. त्यापुढे बायजाबाई शिंद्यांचा शिंदे घाट, जो स्वतःच्याच वजनाने खचला. ही नावं मी शाळेत तहनाम्यांत आणि लढायांत वाचली होती. इथे ती पायऱ्यांवर सापडतात, आणि त्या पायऱ्यांवर कुणी तरी दात घासत असतं.

मला राहून राहून एक गोष्ट खटकते. 'जगातलं सर्वांत जुनं शहर' असं जो तो सांगतो आणि समोरचा घाट दाखवतो. शहर जुनं आहेच, वस्ती आहे, नाव आहे, परंपरा आहे. पण डोळ्यांना दिसणारी काशी, म्हणजे हे घाट, हे वाडे, ही बहुतेक मोठी देवळं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली. पुणे, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या पैशाने उभी राहिलेली. मोगल सत्ता ढिली पडली, मराठे उत्तरेत पोचले, आणि नदीकाठ दगडाने बांधून निघाला. काशी राजकीयदृष्ट्या मराठ्यांची कधीच झाली नाही. पेशव्यांना ती फार हवी होती, मिळाली नाही. राज्य करता आलं नाही तिथे त्यांनी घाट बांधले. हे मला राज्य करण्यापेक्षा बरं वाटतं, पण ते माझं मत.

बालाजी घाटावर एक वेगळी आठवण आहे. इथल्या बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खान सनईचा रियाज करायचे. त्यांचे मामा विश्वनाथाच्या दारी सनई वाजवायचे. आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवर शेळ्या होत्या. तिथल्या मुलाला विचारलं, उस्ताद कुठे बसायचे? त्याने बिनदिक्कत हात केला : "यहीं." मग दुसऱ्याने दुसरीकडे हात केला.

शिंदे घाटाखाली रत्नेश्वर महादेवाचं कललेलं देऊळ. नावाडी त्याला काशी करवट म्हणून दाखवतात. खरं काशी करवट हे वेगळं देऊळ, आत गल्लीत आहे. गोष्ट अशी सांगतात की अहिल्याबाईंच्या दासीने हे बांधलं, त्याला स्वतःचं नाव दिलं आणि बाईंनी शाप दिला. मला ही गोष्ट पटत नाही. स्वतःसाठी नाव कोरून न घेता हिंदुस्थानभर घाट बांधणारी बाई दासीच्या नावाने कशाला चिडेल? घाटच खचलाय, देऊळ त्याच्याबरोबर कललं. वर्षाचे बरेच महिने गाभारा पाण्यातच असतो. आम्ही पाहिलं तेव्हा मंडपात गाळ भरला होता.

मणिकर्णिकेवर आम्ही थांबलो नाही. आत्याने पदर डोक्यावरून घेतला आणि झरझर चालू लागली. लाकडाच्या वखारी, मोठे तराजू, रांगेत वाट बघणाऱ्या तिरड्या. एक माणूस 'ऊपर से देखिए, हॉस्पिस है, दान दीजिए' म्हणत मागे लागला. असे बरेच लागतात. मान खाली घालून चालावं.

एवढं मात्र आठवलं की या गावात नाथमहाराजांनी भागवत पुरं केलं. पहिले पाच अध्याय पैठणला, पुढचं काशीत. शके १४९५, म्हणजे १५७३, कार्तिक पौर्णिमेला ग्रंथ संपला. मराठीत भागवत लिहिलं म्हणून इथल्या पंडितांनी आक्षेप घेतला आणि शेवटी ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी परंपरा. गंमत म्हणजे त्या काळी काशीच्या पंडितांत पैठणचेच लोक पुढे होते. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातले नारायणभट्ट. सोळाव्या शतकात अकबराचा मंत्री तोडरमल याच्या काळात विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकाराने. त्याच घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' लिहिला, आणि आजही आपले पंचांगकर्ते एकादशी कधी धरायची यासाठी तो उघडतात. आणि त्याच घरातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर आले.

नारायणभट्टांचं ते देऊळ १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडलं. आजचं विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी शेजारच्या जागेत बांधलं, १७८० मध्ये पुरं झालं. शिखरांवरचं सोनं महाराजा रणजितसिंहांचं. जुना मोठा नंदी मात्र आजच्या देवळाकडे नव्हे, ज्ञानवापी मशिदीकडे तोंड करून बसलाय, आणि त्या जागेचा खटला न्यायालयात चालू आहे. डिसेंबर २०२१ मध्ये गंगेपासून देवळापर्यंत प्रशस्त दगडी परिसर झाला, त्यासाठी मधली घरं आणि गल्ल्या गेल्या. गुरुजी यावर हळहळतात. आत्या म्हणाली, "गल्ली गेली, गुडघे वाचले." दोघांचंही खरं आहे. परिसरात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. मोबाइल आत नेता येत नाही. बाहेरचे दुकानदार कपाट फुकट देतात, बदल्यात पेढ्याची टोपली घ्यायला लावतात.

रांगेत दीड-दोन तास, दर्शन चार सेकंद. "हर हर महादेव" म्हणेपर्यंत पुढे ढकलले गेलो. अन्नपूर्णेचं दर्शन निवांत झालं, पण सोन्याची अन्नपूर्णा हुकली. ती धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंतच दाखवतात, तेव्हाच नाणी आणि लाह्यांचा 'खजिना' वाटतात. संध्याकाळी दशाश्वमेधाची आरती पाहिली. ध्वनिवर्धक, एकसारखे कपडे घातलेले तरुण पुजारी, मोठमोठ्या दीपमाळा. प्रथा तशी अलीकडची, १९९० च्या दशकातली. आत्याला आवडली. मला पंपाने गाळ काढणारे जास्त आवडले होते.

चतुर्थी

सकाळी कालभैरव. काशीचा कोतवाल, त्याची परवानगी घेतल्याशिवाय काशीत राहता येत नाही म्हणतात, म्हणजे आम्ही दोन रात्री बेकायदा काढल्या. देऊळ दुसऱ्या बाजीरावाने बांधलेलं. मोरपिसांच्या कुंच्याने पाठीवर फटका आणि मनगटाला काळा दोरा. तिथून ठठेरी बाजारात आत्याने पितळेची अन्नपूर्णा घेतली, नातीच्या लग्नासाठी. आपल्याकडे नवरी माहेराहून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण घेऊन जाते, आणि ती अन्नपूर्णा काशीची असली तर काय विचारता. दुकानदाराने आधी विचारलं, "महाराष्ट्र वाली चाहिए?" म्हणजे बसलेली, हातात पळी, बैठक वाटोळी. हे मापच त्यांच्याकडे वेगळं ठेवलेलं असतं.

नाश्ता छोटी कचौडी, भाजी, जिलबी, उभ्यानेच. मलइयो मागितली तर हलवाई म्हणाला, अभी ओस कहाँ पडी है. थंडीत दव पडू लागलं की दुधाचा तो फेस बनतो, आधी नाही. पुढच्या वेळी थंडीत या, एवढं बोलून तो पुन्हा कढईकडे वळला.

दुपारी होडीने तुलसी घाटाकडे. वाटेत शिवाल्याचा चेतसिंह किल्ला. ऑगस्ट १७८१ मध्ये इंग्रज गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने पैशासाठी काशीचा राजा चेतसिंह याला इथे कैदेत टाकलं. लोक चवताळले, शिपाई मारले गेले, आणि राजा खिडकीतून पगड्या एकमेकांना बांधून नदीत उतरला. मग हेस्टिंग्जलाच चुनारला पळावं लागलं. आमच्या नावाड्याने वल्हं न थांबवता म्हटलं, "घोडे पर हौदा, हाथी पर जीन, ऐसे भागा वारेन हेस्टिंग." अडीचशे वर्षं होत आली तरी त्याला ते कालचंच.

आज नागनथैया. काशीतल्या ज्या मोजक्या मेळ्यांना लाख माणसं जमतात म्हणून लक्खी मेळे म्हणतात, त्यांतला हा एक. तुलसीदासांनी सुरू केला असं मानतात. त्यांचं देहावसान याच घाटावर १६२३ मध्ये झालं, त्यांच्या खडावा वर खोलीत ठेवल्या आहेत. प्रसंग कालियामर्दनाचा. गंगा त्या दिवसापुरती यमुना होते.

तीन वाजताच पायऱ्या, गच्च्या, कठडे भरून गेले. पाण्यात होड्या इतक्या दाट की एकीवरून दुसरीवर चालत जावं. घाटाच्या कडेला, पाण्यावर झुकेल अशी, कदंबाची मोठी फांदी रोवलेली. काशीनरेशांच्या घराण्यातले आले तशी 'हर हर महादेव'ची लाट उठली. खाली पाट्यावर पोरं चेंडू खेळत होती, तीच कृष्ण आणि सवंगडी. कुणी झांज वाजवत चौपाया म्हणत होतं, गर्दीत एक शब्द कळेना. आत्याला एका घराच्या कठड्यावर जागा मिळाली. मी खाली, कुणाच्या तरी कोपराखाली.

चेंडू पाण्यात गेला. आठ-दहा वर्षांचा पोरगा, पिवळं धोतर, मुकुट, फांदीवर चढला. वर चढेपर्यंत ठीक होता. टोकाला गेल्यावर त्याने एकदा खाली बघितलं आणि फांदी घट्ट धरली. खालून पोहणारे हात वर करून त्याला काही तरी सांगत होते. तेवढा एक क्षण तो कृष्ण नव्हता, उंचावरून घाबरलेला पोर होता. मग उडी. लाखभर लोकांचा एकच आवाज, आणि लगेच डमरू, शंख, घंटा. पाण्याखालून कालिया वर आला, बांबू आणि कापडाचा, फणा काढलेला, आणि फण्यावर तोच पोरगा उभा, ओला, हातात बासरी, एक पाय उचललेला. पोहणाऱ्यांनी तो नाग घाटासमोरून गोल फिरवला. 'वृंदावन बिहारीलाल की जय.' होडीहोडीतून कापूर पेटला. सगळं मिळून पाच-सात मिनिटं, आणि खेळ संपला. लोक उठून चहाला लागले.

आत्याला विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, "मुकुट नाही पडला रे त्याचा पाण्यात. कसा बांधला असेल?"

परतताना भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान पाहिलं. मोरोपंत तांबे इथे दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या पदरी होते, आणि मुलीचं नाव मणिकर्णिका ठेवलं. घोड्यावरची राणी, भिंतींवर प्रसंग कोरलेले. बंद व्हायची वेळ झाली होती, रखवालदाराने आत्याकडे बघून दहा मिनिटं दिली. जवळच लोलार्क कुंड, सरळ खोल विहिरीसारखं उतरणारं, अहिल्याबाई आणि कूचबिहारचा राजा यांनी दुरुस्त केलेलं. अंधार पडला होता, वरूनच नमस्कार.

पंचमी

सारनाथ सकाळी उरकलं. उरकलं हा शब्द तिथे शोभत नाही, पण शाळांच्या सहलींत दुसरं काही जमत नाही. धामेक स्तूपाच्या दगडी पट्ट्यावरची वेलबुट्टी उन्हात फार सुरेख दिसते. शेजारी धर्मराजिका स्तूपाचा नुसता पाया उरलाय, कारण १७९४ मध्ये बनारसच्या जगतसिंहाच्या माणसांनी विटा काढून नेल्या आणि पेठ बांधली. संग्रहालयात चार सिंह, १९०५ च्या सुमाराच्या उत्खननात सापडलेले. नाण्यावर, कागदावर इतक्यांदा पाहिलेली वस्तू समोर एवढी गुळगुळीत असेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरी. गुरुजींची ओळख, म्हणून दुकानदारी नव्हती. खड्ड्यात पाय सोडून माणूस मागावर बसलेला, डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक करून सरकत होती. भोक असेल तो धागा उचलला जातो, नसेल तो खाली राहतो. आत्याने काठ बघितला नाही, पदर सरळ उलटा केला. पैठणीची सवय, पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी असते. इथे पाठीला जरीचे लांब सुटे धागे होते. विणकर हसला आणि दुसरी साडी काढली. पहिली फेकुआ, म्हणजे जर या काठापासून त्या काठापर्यंत फेकायची आणि मधली कापून टाकायची. दुसरी कढुआ, प्रत्येक बुट्टी वेगळ्या छोट्या काडीवर स्वतंत्र विणलेली, पाठीमागे एक धागा लोंबत नाही. एका साडीला महिने लागतात. किंमत ऐकून आत्याने ती अलगद घडी करून परत दिली. शेजारच्या गल्लीतून यंत्रमागाचा खडखडाट येत होता, आणि त्याबद्दल विणकर काही बोलला नाही.

परतताना मैदागिनजवळ पराडकर स्मृती भवनाची पाटी दिसली. बाबूराव विष्णू पराडकर काशीतल्या मराठी घरातले, आणि हिंदी पत्रकारितेचे भीष्म पितामह म्हणून त्यांचं नाव घेतात. 'आज' या दैनिकाचे ते संपादक. ते दैनिक काढणाऱ्या शिवप्रसाद गुप्तांनीच भारतमाता मंदिर बांधलं, १९३६ मध्ये गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. आत मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा आहे. ते आमचं राहिलं. आत्याचे पाय सुजले होते.

षष्ठी आणि सप्तमी

चतुर्थीला न्हाय-खाय झालं होतं, दुधी-भात खाऊन. पंचमीला खरना, गुळाची खीर. आणि त्यानंतर व्रत करणारीच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. छठ मूळची बिहार आणि पूर्वांचलाची, काशीत गेल्या काही दशकांत फोफावली. आता दुपारपासून घाटांवर जागा राखलेल्या : मातीत वेदी करून तिच्यावर खडूने नाव लिहिलेलं. नवरे आणि दीर डोक्यावर टोपल्या घेऊन येत होते, पिवळ्या कापडात बांधलेल्या. आत तळलेला गोड ठेकुआ, केळ्याचा घड, मोठं लिंबू, नारळ, आल्या-हळदीचं पाल्यासकट रोप. खांद्यावर उसाची पाच-पाच कांडी.

बायकांच्या नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत केशरी शेंदराची पट्टी. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या, सूप हातात, मावळत्या सूर्याकडे तोंड. आणि इथे पुन्हा द्वितीयेचीच अडचण : सूर्य मावळतो शहरामागे. म्हणून सगळ्या नदीकडे पाठ आणि घाटाकडे तोंड करून उभ्या होत्या. बघणाऱ्याला हे फार विचित्र दिसतं, हजारो बायका पाण्यात उभ्या राहून तुमच्याकडेच बघतायत असं वाटतं. मी नकळत बाजूला सरकलो. पुजारी लागत नाही, मंत्र लागत नाही. कुणीही सुपासमोर दुधाची धार सोडावी. एका मुलीने आत्याच्या हातात लोटी दिली, "दादी, आप भी." आत्याने सोडली.

सप्तमीच्या पहाटे त्याच बायका, आता पूर्वेकडे तोंड करून, रेतीच्या पलीकडून सूर्य यायची वाट बघत. धुकं होतं, सूर्य उशिरा दिसला, कुणी तरी मोबाइलमध्ये सूर्योदयाची वेळ वाचून ओरडत होतं, "निकल गए होंगे, अर्घ्य दे दो!" बायकांनी ऐकलं नाही. दिसल्यावरच दिलं. मग ठेकुआ वाटला, आमच्या पिशवीत नको नको म्हणता सेरभर तरी जमला.

गाडी अकरानंतर होती. गुरुजींनी दक्षिणा न मोजता घेतली आणि आत्याला गंगेचे गडू दिले, तांब्याचे, तोंड डाख देऊन बंद केलेले. स्टेशनवर ती ते पुन्हा पुन्हा मोजत होती. प्रयागराज येण्याच्या आत तिने वाईला फोन लावला आणि मावंदं ठरवायला घेतलं. काशीहून आल्यावर मावंदं घातल्याशिवाय यात्रा लागू होत नाही. रविवारी की पौर्णिमेला, यावर वीस मिनिटं गेली.

"पौर्णिमेलाच घाल," ती फोनवर सांगत होती, "आणि पुरण जास्त घाल. नाही, जेवायला तीस नाही, पन्नास धर. काशीला गेले होते म्हटल्यावर न बोलावता येतात लोक."

पलीकडून काही तरी विचारलं असावं.

"हो, गडू सगळ्यांना. तुला एक, वन्संना एक. आणि त्या समोरच्यांना नाही, त्यांनी रामेश्वरचं दिलं नव्हतं."